घर एकाच डोक्यावर चालवू नका

रात्रीचे दोन वाजले आहेत. बारा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सणसणून ताप आहे. कपाटात पॅरासिटामॉल सिरपच्या दोन बाटल्या आहेत, दिसायला जवळजवळ सारख्याच. एकीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. मुलाच्या औषधांचं सगळं बघणारी व्यक्ती नेमकी आज गावाला गेली आहे आणि तिचा फोन लागत नाही. घरात जो मोठा माणूस आहे त्याला एवढंच आठवतं, की मागच्या वेळी ‘साडेसात’ दिलं होतं. कुठल्या बाटलीतलं?

हिशेब सोपा आहे. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतात. पहिल्या बाटलीतून ते साडेसात मिलिलिटरमध्ये मिळतात, दुसरीतून ३.६ मिलिलिटरमध्ये. दुसऱ्या बाटलीतलं साडेसात पाजलं, तर पोटात ३७५ मिलिग्रॅम जातात, म्हणजे दुपटीपेक्षाही जास्त. उलट पहिलीतलं ३.६ दिलं, तर डोस निम्म्यावरही पोचत नाही. ताप हलत नाही, घरचे घाबरतात आणि तासाभरात पुन्हा बाटली उघडली जाते. त्यातून घरात दोन मोठी माणसं असली, तर अकरा वाजता एकाने दिलेलं दुसऱ्याला ठाऊकच नसतं. दोन डोसांत किमान चार तास हवेत आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, हे माहीत असूनही चूक होते, कारण आधीचा डोस कधी दिला ते कुठेच लिहिलेलं नसतं.

या चुकीला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. माहिती त्या घरात होती. फक्त ती एका डोक्यात होती, आणि ते डोकं त्या वेळी हाताशी नव्हतं.

कुटुंबातल्या पूर्वतयारीबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा शिस्तीबद्दल बोलतो: लवकर उठा, यादी करा, कॅलेंडर ठेवा. मूळ दुखणं तिथे नाही, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक घरांत पूर्वतयारी होतच असते. ती करणारं माणूस एकच असतं, आणि ते माणूस दमलं, आजारी पडलं किंवा प्रवासात असलं की सगळं घोडं तिथेच अडतं. एकाच्या डोक्यात असते ती आठवण. तिला योजना म्हणायचं, तर ती त्या माणसाशिवायही चालली पाहिजे. आणि हा प्रश्न फक्त चार भिंतींच्या आतला नाही. शाळा आणि कामाची ठिकाणं ज्या पद्धतीने कुटुंबाशी वागतात, त्यावर तो निम्मा अवलंबून आहे.

आधी ‘अचानक’ या शब्दाचं बघू. मूल अचानक आजारी पडलं, औषध अचानक संपलं, सांभाळणारी बाई अचानक आली नाही. लहान मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे अगदी सर्वसाधारण आहे. दोन मुलं असतील तर जवळजवळ दर महिन्याला घरात कुणीतरी शिंकत असणार. रोज दोन गोळ्या लागणाऱ्या माणसाची तीस गोळ्यांची खरेदी पंधराव्या दिवशी संपणार, यात अचानक काहीच नाही. घटना माहीत असते, तारीख तेवढी माहीत नसते. तारीख माहीत नसलेल्या गोष्टीची तयारी करता येते. विम्याचा सगळा व्यवहार त्याच्यावरच चालतो.

तयारी करायची तर काम नेमकं किती आणि कशाचं, हे आधी दिसायला हवं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. घरातल्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार भाग पाडले: गरज आधीच हेरणं, ती भागवण्याचे मार्ग शोधणं, त्यातला एक ठरवणं, आणि ठरलेलं पार पडलं का यावर डोळा ठेवणं. निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेत होती. पहिला आणि शेवटचा भाग मात्र प्रामुख्याने बायकांकडे होता. हेरणं आणि डोळा ठेवणं ही दोन्ही कामं दिसत नाहीत, संपत नाहीत आणि त्यांना सुट्टी नसते. म्हणून घरोघरी ऐकू येणारं ‘तू फक्त सांग, मी करतो’ हे वाक्य चांगल्या मनाने बोललेलं असलं, तरी ओझं हलवत नाही. सांगण्यासाठी लक्षात ठेवायला लागतं, आणि लक्षात ठेवणं हेच तर काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या विनावेतन देखभालीच्या कामातले ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. आणि वाट बघत असताना, झोपेत, गाडीत बसून डोक्यात जी उजळणी चालते, ती घड्याळाने मोजायची तरी कशी?

त्यामुळे कामं वाटून घ्यायची असतील तर तुकड्यांनी नव्हे, मुळापासून शेवटापर्यंत द्यावीत. ‘उद्या लसीला घेऊन जा’ हा तुकडा झाला. लसीकरण हे अख्खं काम म्हणजे कार्ड कुठे आहे ते माहीत असणं, पुढची तारीख ठाऊक असणं, डॉक्टरांची वेळ घेणं, त्या दिवसाची रजा टाकणं, रात्री ताप येऊ शकतो म्हणून घरात थर्मामीटर आणि औषध आहे ना ते बघणं, आणि कार्डावर नोंद झाली का ते तपासून कार्ड जागच्या जागी ठेवणं. हे सगळं एकाकडे. दुसऱ्याने त्याची आठवणही करून द्यायची नाही. घरं इथेच अडखळतात. देणाऱ्याच्या हातून काम सुटत नाही आणि घेणाऱ्याला पहिल्या दोन वेळी जमत नाही. मग ‘राहू दे, मीच करते’ होतं आणि गाडं पुन्हा पहिल्या जागी. म्हणून सुरुवात अशा कामाने करावी जिथे चूक स्वस्त पडते. ग्रंथालयाची पुस्तकं वेळेत परत करणं, खेळाच्या तासाचे कपडे, वाढदिवसांच्या भेटवस्तू. औषधं आणि पैशांचे हप्ते शेवटी. आणि ‘झालं’ म्हणजे काय, हे काम सोपवतानाच ठरवून टाकावं, म्हणजे नंतर कुरकुर करायला जागा राहत नाही.

आठवड्यातून वीस मिनिटं घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसावं. दिवस आणि वेळ ठरलेली हवी, ‘मोकळे असू तेव्हा’ म्हटलं की ते होत नाही. समोर पुढचे चौदा दिवस ठेवावेत. सातच दिवस बघितले तर सोमवारी लागणारी वस्तू रविवारी रात्री आठवते. चौदा दिवस बघितले की दुसऱ्या आठवड्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या आधी एक सुट्टीचा दिवस हातात राहतो. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायचे: कोण करणार, त्यासाठी हातात काय लागणार, आणि त्या माणसाला जमलं नाही तर कोण. पहिले दोन सगळेच विचारतात. तिसरा गळतो, आणि गडबड नेमकी तिथूनच सुरू होते. ‘बघू’ हे त्याचं उत्तर नाही. उत्तर म्हणून एक नाव लिहिलेलं हवं, आणि त्या माणसाला विचारून लिहिलेलं हवं. न विचारता शेजारच्या काकूंचं नाव लिहून ठेवणारी घरं कमी नाहीत. काकू त्या दिवशी घरात नसतात. किंवा त्या धावत शाळेत पोचतात आणि शाळा मूल त्यांच्या ताब्यात देत नाही, कारण परवानगीच्या कागदावर त्यांचं नाव कधी घातलेलंच नसतं.

नाव आणि प्रसंग जोडून लिहिण्याचा उपयोग मानसशास्त्राने तपासलेला आहे. पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं, की ‘मी हे करेन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडलं, तर मी तमुक करेन’ अशा जोडीने ठरवलेली गोष्ट हातून होण्याची शक्यता जास्त असते. कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. प्रसंग समोर आला की पुढचं पाऊल आपोआप आठवतं. ‘शाळेतून तापाचा फोन आला तर सोमवार ते बुधवार बाबा निघतील, गुरुवार-शुक्रवार आई’ हे वाक्य शांतपणे ठरवायला दोन मिनिटं लागतात. तेच फोन आल्यावर, दोघांच्या दोन मीटिंगांच्या मधोमध ठरवायचं म्हटलं तर वीस मिनिटांचं भांडण होतं, आणि ज्याची नोकरी कमी पगाराची त्यालाच दरवेळी उठावं लागतं.

सकाळच्या धावपळीबद्दल थोडं सविस्तर, कारण रोजची सगळ्यात जास्त चिडचिड तिथे होते. कुठल्याही कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज कमीच निघतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस टव्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं. १९९४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता ३३.९ दिवस. सगळं बिनसलं तर किती, याचा अंदाज ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. म्हणून सकाळच्या बाबतीत अंदाज बाजूला ठेवून तीन दिवस घड्याळ लावून मोजावं. चार वर्षांच्या मुलाला बूट घालायला एक मिनिट लागतं असं आपण धरतो. मोजलं की कळतं, मोजा शोधण्यापासून दुसऱ्या बुटाच्या पट्ट्यापर्यंत सहा मिनिटं जातात. दार बंद व्हायची वेळ आठ असेल तर तिथून मागे मोजत यायचं, आणि मोजलेले आकडे धरायचे.

मग राखीव वेळ. तो प्रत्येक कामात दोन-दोन मिनिटं असा पेरला तर विरून जातो. जेवढा वेळ मिळेल तेवढं काम पसरतं. तो एका ठिकाणी, दार बंद होण्याच्या अगदी आधी, सलग पंधरा मिनिटं ठेवावा. दूध सांडलं, सही राहिली, बाथरूमला जायचं निघालं, की सगळं त्यातून भागतं. काहीच बिनसलं नाही तर ती पंधरा मिनिटं मुलाबरोबर बसायला मिळतात. आदल्या रात्री काय उरकावं याबद्दल पुष्कळ सल्ले मिळतात. माझ्या मते रात्री हलवायचे ते निर्णय. कपडे कुठले, डब्यात काय, सोडायला कोण. सगळी कामंच रात्रीवर ढकलली तर त्याच माणसाची रात्रपाळी सुरू होते आणि घराला वाटतं की प्रश्न सुटला.

साठ्याच्या बाबतीत कारखान्यांतली जुनी युक्ती घरात अगदी चपखल बसते. रोज लागणारं प्रमाण गुणिले वस्तू मिळायला लागणारे दिवस, अधिक आठवडाभराचा राखीव साठा. आजोबांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या रोज लागत असतील आणि औषध यायला तीन दिवस लागत असतील, तर सहा अधिक चौदा, म्हणजे वीस गोळ्या उरल्या की मागवायच्या. पण वीस उरल्या हे रोज मोजणार कोण? त्यासाठी औषध घरात आलं की त्यातल्या वीस गोळ्यांच्या पट्ट्या रबरबँड लावून डब्याच्या तळाशी ठेवायच्या. रबरबँडला हात लागला की मागवायचा दिवस आला. हे आजोबांनाही कळतं, नातवालाही कळतं. जुना साठा आधी वापरायचा, नवा रबरबँडखाली घालायचा, नाहीतर तळाच्या गोळ्यांची मुदत तिथेच संपते.

आता कागद. फोनवर सगळं असताना कागद कशाला, असं विचारलं जातं. फोनला पासवर्ड असतो, बॅटरी संपते, आणि तो माणसाबरोबर घराबाहेर जातो. एकच पान, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. त्यावर प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, चालू औषधं आणि किती वाजता. मुलांचं वजन आणि ते कोणत्या तारखेला केलं ती तारीख. तापाच्या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये, आणि घरातल्या बाटलीप्रमाणे मिलिलिटरमध्ये. बाटली बदलली की हा आकडा बदलायचा, आणि शक्यतो एका वेळी एकाच ताकदीची बाटली घरात ठेवायची. डोस बाटलीबरोबरच्या मापाने किंवा सिरिंजने, घरातल्या चमच्याने कधीही नाही, कारण चमचे लहानमोठे असतात. शेवटी एक ओळ ठळक: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर घरी औषधाचे प्रयोग न करता थेट डॉक्टर. पानाच्या खाली पाण्याचा मुख्य कॉक, गॅसचा कॉक आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहेत ते लिहावं. पाइप फुटल्यावर कॉक कुठे हे शोधण्यात जातो तेवढ्या वेळात खोली भरते. शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कोरा कागद, दिलेल्या डोसची वेळ टिपायला. पान दर तीन महिन्यांनी नवं लिहावं, कारण मुलाचं वजन थांबत नाही आणि जुनं वजन लिहिलेलं पान त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला चुकवतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे: एवढं सगळं करायचं तर घराचं ऑफिस होईल. रंगीत तक्ते, प्रत्येक तासाची आखणी, मुलांच्या भिंतीभर याद्या हे खरंच तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. म्हणून सगळ्याची योजना करूच नये. जे वारंवार घडतं आणि चुकलं तर महागात पडतं, तेवढंच धरावं: आजारपण, ने-आण, औषधं, पैसे भरायच्या तारखा. बाकी घर मोकळं असू द्यावं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ज्यांची पाळी उद्या कुठली हे आज रात्री कळतं, ज्यांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, त्यांना चौदा दिवस पुढे बघा असं सांगणं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणं. कुटुंबाला जेवढं आधी कळतं तेवढ्याचीच तयारी करता येते. इथे हा प्रश्न सार्वजनिक होतो आणि शाळांकडे, मालकांकडे आणि कायद्याकडे मागणी करावी लागते.

शाळांपासून सुरुवात करू. उद्या अमुक रंगाचा कागद आणा, परवा अर्धा दिवस शाळा, ही सूचना संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर पडते आणि शंभर संदेशांखाली गडप होते. वर्षाच्या सुट्ट्या आणि अर्धे दिवस वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर द्यावेत, साहित्याची सूचना मधे एक सुट्टीचा दिवस येईल इतकी आधी द्यावी, आणि ती एकाच ठिकाणी द्यावी. यात शाळेचा खर्च काहीच नाही. आजारी मुलाबाबतचा नियमही लेखी असावा. अनेक शाळांत औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच मुलाला घेतात, आणि तो नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ पालकांना आधी कळला पाहिजे. मंगळवारी संध्याकाळी सहाला ताप उतरला तर चोवीस तास बुधवारी संध्याकाळी पुरे होतात, म्हणजे शाळा गुरुवारी. सोमवारी दुपारी आलेला एक दिवसाचा ताप अडीच दिवस खातो. तेवढ्याची सोय करायची आहे हे ज्याला माहीत असतं, तो मंगळवारी सकाळी ‘बघू दुपारपर्यंत’ म्हणत तापाचं औषध पाजून मुलाला शाळेत पाठवत नाही. आणि संपर्काच्या फॉर्मवर ‘पहिला नंबर, दुसरा नंबर’ असं विचारण्याऐवजी ‘कोणत्या वारी कोणाला फोन करायचा’ असं विचारावं. घराने वाटून घेतलेलं काम शाळेने पुन्हा आईच्याच फोनवर आणून टाकू नये.

कामाच्या ठिकाणांबाबत जगात पायंडे पडलेले आहेत. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १५६ क्रमांकाचा करार १९८१ चा आहे. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशानुसार आजारी नातलगाची काळजी घेण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला कामाचे पाच दिवस रजेचा हक्क आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१७ मध्ये कायदा करून किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यसेवा क्षेत्रातल्या ५०० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना पाळ्यांचं वेळापत्रक आधी द्यायला लावलं: आधी सात दिवस, २०२० पासून चौदा दिवस. दुकानं आणि हॉटेलं, जिथे गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसतो, तिथे हा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे ‘आमच्या धंद्यात हे शक्य नाही’ हे उत्तर सरसकट मान्य करण्याचं कारण नाही. पाळी आधी कळली की मालकालाही आयत्या वेळची गैरहजेरी कमी दिसेल, पण मागणी त्या फायद्यासाठी नाही. ज्याला आपला उद्या माहीत नाही त्याच्याकडून घराच्या उद्याची जबाबदारी मागता येत नाही, म्हणून ती मागणी आहे.

घराची योजना खरी आहे का, हे तपासायचा एक मार्ग आहे. जी व्यक्ती सगळं लक्षात ठेवते तिने एका पूर्ण दिवसासाठी, शाळा आणि काम चालू असलेल्या दिवशी, सकाळी सहाला घराबाहेर पडावं आणि रात्री नऊला यावं. फोन बंद. निरोप नाही, आदल्या रात्री करून ठेवलेली जादा तयारी नाही. मागे राहिलेल्यांनी दिवसभरात तिला जे जे विचारावंसं वाटलं, ते फोन करण्याऐवजी एका वहीत लिहायचं. चाव्यांचा दुसरा जुडगा कुठे, डोळ्यांत घालायचे थेंब उघडल्यापासून किती दिवस चालतात, बसवाल्याचा नंबर कोणता, धाकट्याची शांत झोपायची गोधडी धुवायला टाकली आहे का. रात्री ती वही उघडायची. त्यातली उत्तरं कपाटाच्या पानावर जातील, काही कामं दुसऱ्याच्या नावावर चढतील, आणि दोन-तीन प्रश्न असे निघतील की ज्यांचं उत्तर तिलाही नीट माहीत नव्हतं. महिनाभराने पुन्हा एक दिवस घ्यावा आणि वही कोरी ठेवून निघावं.